बाळंतिणीविना शेगडी

"कंबर दुखतीया" या दोन शब्दांवर माझी निम्मी नोकरी झाली, असं म्हटलं तर खोटं ठरणार नाही. पन्नास-साठच्या दशकांत मी मुळशी तालुक्यात, माले गावाजवळच्या एका लहानशा दवाखान्यात नर्स होते. बाळंतपणं करायची, लसी टोचायच्या, पोरांच्या नाकात गेलेले हरभरे काढायचे, ही कामं सगळ्यांना दिसायची आणि त्याबद्दल लोक हातही जोडायचे. आज ज्या कामाबद्दल लिहायला बसले आहे ते मात्र कोणाला दिसायचं नाही. त्याचं नाव बाई तोंडातून काढायची नाही, त्याऐवजी कंबर पुढे करायची.

या कमरेच्या दोन जाती होत्या. खरीच कंबर दुखणारी बाई ओळीत पहिली उभी राहायची, शेजारणीशी भांडायची आणि "आटपा की बाई" म्हणून माझ्यावरही खेकसायची. दुसऱ्या जातीची बाई व्हरांड्याच्या खांबामागे. तिचा नंबर आला की ती मागचीला पुढे करायची, तिच्याही मागचीला पुढे करायची. सगळे पांगले, कंपाउंडरने बाटल्या आवरायला घेतल्या, की ही हळूच आत यायची आणि भिंतीकडे बघत म्हणायची, "कंबर दुखतीया." मी दार लोटायचे आणि सरळ विचारायचे, "पांढरं जातंय का?" मग कमरेचा विषय संपायचा.

बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगते. दिवाळी अंकात असलं वाचून कोणाला कसंसंच झालं तर त्याने पुढच्या पानावरची पाककृती वाचावी. बाईच्या अंगावरून थोडं पांढरं जाणं हे निसर्गाचंच आहे, त्याला औषध लागत नाही. पण ते दह्याच्या चोथ्यासारखं जाऊ लागलं, खाज आणि आग सुरू झाली, किंवा पिवळट-हिरवं होऊन वास मारू लागलं, तर तो रोग. तो औषधाने बरा होतो. खरी गोम पुढे आहे. तो परत येतो. बाई बरी होऊन जाते आणि दोन महिन्यांनी पुन्हा त्याच खांबामागे उभी. औषध देणं डॉक्टरांचं काम होतं. तो परत का येतो हे शोधणं आणि त्याची वाट अडवणं, हे बहुतेक माझ्याच वाट्याला आलं. कारण उत्तर बाईच्या घरात असायचं आणि घरात मीच जाऊ शकत होते.

गऊ अशीच खांबामागून आली. अठरा-एकोणीस वर्षांची, सावळी, हाडापेराने मजबूत पोरगी, पण चालताना पाय फाकवून टाकत होती. मी विचारल्यावर आधी मान हलवली आणि मग तोंडात पदर कोंबून रडायला लागली. लग्न झाल्यापासून हा त्रास. मध्ये कमी व्हायचा, पुन्हा यायचा. रात्री नवरा जवळ आला की आग आग व्हायची, म्हणून ती त्याला ढकलायची. नवरा, बबन, हळूहळू घुम्यासारखा झाला होता. मूलही नव्हतं.

"सासूबाईंना सांगितलंस?" मी विचारलं.

"आत्याबायला? त्यास्नी सांगून काय, जीव देऊ?" ती म्हणाली. "त्यांचं आन ह्यांचं ठरलंय बाई. लावणी झाली की मला म्हायेरी न्यून सोडायची. परत न्हाई आणायची."

लावणी होईपर्यंत थांबणार होते, कारण भातलावणीला हात लागतात. सून नको होती, पण तिचे दोन हात हवे होते. मला त्या घराचा असा काही राग आला की सांगता सोय नाही.

आमचे डॉक्टर चांगले होते. पडद्यापलीकडे बसून माझ्यामार्फत प्रश्न विचारायचे, बाईला लाजवायचे नाहीत. त्यांनी आधी गऊची लघवी निळ्या औषधात टाकून दिव्यावर उकळायला लावली. साखर असली तर ते विटकरी होतं, आणि ज्या बाईला साखर, तिचा हा आजार साखर आवरल्याशिवाय हटत नाही. गऊची नळी निळीच राहिली. मग आमचं जांभळं औषध निघालं. कापसाच्या बोळ्याने ते आतून लावायचं, रोज, थोडे दिवस. गुण चांगला, पण रंग असा पक्का की लुगड्याला लागला तर लुगडं फाटेल, डाग जाणार नाही. पुढे पुण्याहून आत ठेवायच्या गोळ्या येऊ लागल्या आणि आमचा जांभळा जाच संपला, पण ते नंतर.

औषध लावता लावता मी माझी चौकशी सुरू केली. कशाने धुतेस?

"तुरटीच्या पान्यानं. आतपतोर. शेजारची म्हनली, सगळं मारून टाकती तुरटी."

"मारून टाकते ना, तुलाच मारतेय. आत काही घालायचं नाही. तुरटी नाही, साबण नाही, कडुलिंबाचा पालाही नाही. बाहेरून साधं पाणी, आणि मग कोरडं करायचं. बरं, कावळा शिवतो तेव्हाचं फडकं कुठं वाळवतेस?"

या प्रश्नावर सगळ्या बायका एकसारख्या गप्प व्हायच्या. खूप खोदल्यावर गऊने सांगितलं. गोठ्यात, कुडाच्या फटीत, पेंढ्याच्या मागे. तिथे ना वारा, ना उजेड. पुरुषाची नजर पडायला नको, सूर्यनारायणाला दिसायला नको, आणि कोणाच्या हाती लागलं तर करणी करतील ही भीती. ती दमट, कुबट घडी पुढच्या महिन्यात तशीच अंगाला. हे एकच कारण होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण आमच्याकडे येणाऱ्या दहाजणींना विचारलं की दहा कुबट फडकी निघायची, आणि मला तरी तेवढा पुरावा पुरायचा. तेव्हा मी तिला माझा ठरलेला मंत्र दिला. गरम पाण्यात धुवायचं, उन्हात कडक वाळवायचं, लाज वाटली तर वर एक जुनं पातळ टाकायचं. खाली काय आहे ते कोण बघायला येतंय?

डॉक्टरांनी बबनलाही बोलावून घेतलं. तो आला, टोपी हातात घेऊन उभा राहिला. डॉक्टरांनी त्याला तपासलं, मलम दिलं आणि औषध संपेपर्यंत लांब राहायला सांगितलं. शेवटी म्हणाले, "तुझी बायको तुला झिडकारत नाही रे. तिला आग होते."

बबन खाली बघत म्हणाला, "मंग तिनं बोलायचं न्हाई व्हय?"

"तू विचारलंस का?"

त्याने मलमाची डबी टोपीत ठेवली आणि गेला.

उन्हाळा छान गेला. गऊ एकदा बाजारात भेटली, सरळ चालत होती. मला म्हणाली, "जुनं पातळ लई कामाचं हाय बाई." मी स्वतःवर खूश होऊन दोन दिवस कंपाउंडरला चहा पाजला.

मग मुळशीचा पावसाळा लागला. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना सांगते, इथे पाऊस पडतो म्हणत नाहीत, इथे पाऊस राहायला येतो. चार-चार दिवस उजेड नाही. भिंतींना ओल, मिठाचं पाणी, काडेपेटी पोटाशी धरून झोपायचं. बायका दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून लावणी करतात, डोक्यावर इरलं असलं तरी कमरेखाली सगळं भिजलेलं. घरी येऊन नेसायला दुसरं लुगडं असतं ते कालचं ओलंच असतं. अशात माझा उन्हाचा मंत्र कोण म्हणणार? गऊ परत आली, आधीपेक्षा वाईट होऊन. मी पुन्हा जांभळं लावलं आणि तोंडाने पुन्हा तेच म्हटलं, कोरडं ठेव. म्हणताना माझ्या स्वतःच्या अंगातला झगाही ओला होता.

पुढच्या आठवड्यात दवाखाना भरलेला असताना भागूबाई आली. भागूबाई म्हणजे गऊची सासू. बारीक चणीची, नाकात नथ नाही पण नाकावर राग कायम, अख्खी वस्ती तिला वचकून असायची. ओढ्यावर धुणं धुताना गऊच्या लुगड्याला जांभळा डाग बायकांनी पाहिला होता. तो डाग कसला हे प्रत्येकीला ठाऊक, कारण निम्म्याजणींच्या लुगड्याला तो कधी ना कधी लागलेला. पण दिसला तो हिचा.

"काय गं नर्सबाई," ती दारातूनच कडाडली, "माज्या सुनंला कसला रोग हाय? आन मला न सांगता तू तिला रंगवतीस व्हय? गावात त्वांड दावाया जागा ठिवली न्हाई!"

सगळा व्हरांडा कान टवकारून बसला. मला खरं तर तिला हाताला धरून बाहेर काढावंसं वाटलं. पण मी तिला आत घेतलं, दार लावलं आणि सगळं सांगितलं. हा बाहेरख्यालीपणाचा रोग नाही, ओलीचा आहे, तुमच्या गोठ्यातल्या कुडाचा आहे. फडकं उन्हात वाळलं तर अर्धं दुखणं जाईल.

भागूबाईने खिडकीबाहेर बोट केलं. बाहेर समोरचा डोंगर दिसत नव्हता.

"कुटं हाय ऊन? आदी ऊन आण जा, मंग शिकिव."

आणि ती निघून गेली. ती भांडखोर होती, पण बोलली ते खरं होतं. चार महिने जिथे ऊन नाही तिथे मी उन्हाचं औषध वाटत होते.

दोन दिवसांनी एका ओल्या बाळंतिणीला बघायला गेले. खोलीत मातीची शेगडी, तिच्यावर पालथं डालगं, कोंबड्या झाकायचं असतं ना, तेच बांबूचं. त्यावर बाळाची लंगोटी आणि दुपटी पसरलेली. खालच्या निखाऱ्यांवर चिमूटभर वावडिंग टाकलेलं. बाहेर धो धो पाऊस आणि इथे कपडे कुरकुरीत वाळलेले. मी ते डालगं शेकडो वेळा पाहिलं होतं. त्या दिवशी मात्र मी त्यातलं एक दुपटं उचलून गालाला लावलं आणि बाळंतिणीकडे न बघताच छत्री घेऊन भागूबाईच्या घराकडे निघाले.

भागूबाई पडवीत दावं वळत बसली होती. गऊ भाकऱ्या थापत होती, तिचे कान माझ्याकडे. मी म्हटलं, "ऊन आणलंय." आणि डालग्याची गोष्ट सांगितली.

"चुलीवर?" ती ताडकन उभी राहिली. "ईटाळाचं फडकं माज्या चुलीवर? जिथं द्येवाचा निवद शिजतो तिथं? नर्सबाई, तुमी शिकल्या-सवरल्या, तुमास्नी काय वाटतंय का न्हाई?"

मी वाद घातला. विस्तवाला विटाळ कसला, वगैरे. मी जितकी बोलले तितकी ती घट्ट झाली. शेवटी मी हरले, पायऱ्या उतरायला लागले. तेव्हा मागून तिचा आवाज आला, वेगळाच, स्वतःशी बोलल्यासारखा.

"बाळातनीची शेगडी चुलीची नसती."

मी वळले. ती दावं तसंच हातात धरून गोठ्याकडे बघत होती.

"ती सुयेरातलीच असती," ती म्हणाली. "तिला ईटाळ काय हुनार? ती हायेच ईटाळात. माजी ल्येक बाळात झाली तवाची शेगडी पडलीया गोठ्यात."

माझ्या शिकल्या-सवरल्या डोक्यात हे कधीच आलं नसतं. तिने रीत मोडली नाही. रीतीच्या आतच दार शोधलं, आणि ते तिलाच सापडणार होतं, कारण त्या रीतीत तिचा जन्म गेला होता. पण त्याची किंमत काय ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. मूल नसलेल्या घरात बाळंतिणीची शेगडी पेटवायची म्हणजे अपशकुन, आणि वर लोकांना हसायला कारण. मी म्हटलं, "लोक बोलतील."

"बोलत्यात की. त्यांच्या तोंडाला काय मी डालगं घालू?" आणि मग दाव्याचा पीळ पुन्हा वळायला घेत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "माजं बी आसंच व्हतं. सगळा जलम. मला वाटायचं, बाई म्हंजी हे आसनारच. माज्या सासूनं येकदा जरी इचारलं आसतं..."

भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता, तो जरा वेळाने पुन्हा सुरू झाला. ज्या बाईचा मी मनातल्या मनात इतके दिवस उद्धार करत होते, तिच्या पाया पडावंसं मला त्या क्षणी वाटलं. पडले नाही, कारण तिने मला झिडकारलंच असतं.

शेगडी पेटली. पेंढ्याने भरलेल्या गोठ्यात विस्तव म्हणजे जोखीम, म्हणून भागूबाईने ती मागच्या पडवीत आणली, पुढे आडोशाला बांबूचा तट्टा लावला आणि डालग्याशेजारी स्वतः राखण करत बसली. फडकी वाळली की त्यावर गऊचं ओलं लुगडं. व्हायचं तेच झालं. वस्तीत हसू झालं. "भागीच्या घरी बारसं कवा?" म्हणून बायका ओढ्यावर विचारायच्या. भागूबाई म्हणायची, "तुमाला आवतान धाडीन."

गोवऱ्यांचा धूर फार व्हायचा, म्हातारी दिवसभर खोकायची. एकदा मी तिथे असताना बबन आला. खांद्यावर पोतं, इरल्यावरून पाणी निथळत होतं. डोंगरात भट्ट्या लावणाऱ्यांकडून कोळसा आणला होता, धूर न होणारा. तट्ट्यापलीकडे काय चाललंय हे त्याला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? त्याने पोतं तट्ट्याच्या अलीकडे टेकवलं, तोंड दुसरीकडे वळवून म्हणाला, "आय, कोळसा ठिवलाय," आणि बैलांकडे गेला. गऊने ते पोतं आत ओढलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्या घरात पहिल्यांदाच पाहत होते.

या वेळी औषधाचा गुण टिकला. लावणी संपली. ठरल्याप्रमाणे गऊचा बाप तिला न्यायला आला, बिचारा चोरासारखा दारात उभा. मी काही तिथे नव्हते, हे मला गऊनेच सांगितलं. भागूबाईने व्याह्याला गूळपाणी दिलं, जेवू घातलं आणि म्हणाली, "तुमी कशाला यवढ्या चिखलात आलासा? पोर दिवाळीला यील, चार दीस ऱ्हाईल, आन परत यील." बबन ओसरीवर होता, तो म्हणाला, "मी घिऊन यीन तिला." एवढ्यावर प्रकरण मिटलं. पुढे त्या शेगडीचा तिच्या मूळ कामासाठीही उपयोग झाला, आणि भागूबाईने ओढ्यावरच्या सगळ्याजणींना खरंच आवतण धाडलं.

आता फार फुशारकी नको. सगळ्याजणी काही बऱ्या झाल्या नाहीत. काहींना साखर निघाली आणि पथ्य पाळायला घरात दोन वेळची वेगळी भाकरी नव्हती. काहींचे नवरे दवाखान्याची पायरी चढायला तयार नसत, मग बायकोला कितीही औषध द्या, दुखणं फिरून घरातच. आणि काहीजणी खांबामागे उभ्या राहून तशाच परत गेल्या असतील, त्यांची नावंही मला माहीत नाहीत. त्यांची आठवण आजही सलते.

पण शेगडी मात्र चालू लागली. दुसऱ्या पावसाळ्यात शेजारच्या दोन घरांतून तट्टे लागलेले मी पाहिले. हसणाऱ्यांतल्याच एकीने भागूबाईचं डालगं उसनं नेलं आणि परत केलं नाही, म्हणून मोठं भांडण झालं. माझ्यावर लोकांना कोरडेपणाचा उपदेश करायची वेळ कमी कमी येत गेली. मला पगार सरकारने दिला, शिक्षण पुण्याने दिलं, पण हा धंदा कसा करायचा ते मला भागूबाईने शिकवलं. बाईला तिची रीत सोड म्हणू नये, तिच्या रीतीत आपल्यासाठी जागा कुठे आहे ते तिलाच विचारावं. पुढे जिथे जिथे बदली झाली तिथे मी हेच केलं आणि प्रत्येक ठिकाणी एखादी तरी भागूबाई भेटली.

माझी मुळशीतून बदली झाली तो सुमार होता. भागूबाई त्याच्या आदल्या साली गेली होती. श्रावणातला बाजाराचा दिवस, व्हरांडा गच्च भरलेला, पुरुषसुद्धा होते. ओळ मोडून गऊ पुढे आली. अंगाने भरली होती, कडेवर पोर, आणि दुसऱ्या हाताने तिने एका कोवळ्या नवरीला ओढत आणलं होतं. नवरीच्या हातातला हिरवा चुडा अजून नवा होता. ती पोरगी खांबाकडे ओढ घेत होती आणि गऊ सोडत नव्हती.

"काय होतंय गं हिला?" मी विचारलं.

"कंबर..." पोरगी पुटपुटली.

"कंबर-बिंबर काय बी न्हाई दुखत हिची," गऊ सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा खड्या आवाजात म्हणाली. "खाजतंय हिला. मला बी खाजायचं. बाई, तुमी औषिद द्या. शेगडी मी दीन."

व्हरांड्यात कोणी हसलं नाही. मी दार उघडलं आणि दोघींना आत घेतलं.